वालचंदनगर आणि नीरा डावा कालवा : ऊसपट्ट्याचा यंत्रवारसा व त्याचे जतन

इंदापूर तालुक्याच्या दक्षिण कडेला, नीरा नदीच्या डाव्या तीरावर, कळंब गावाच्या शिवारात वालचंदनगर वसले. शेठ वालचंद हिराचंद दोशी (१८८२–१९५३) यांच्या उद्योगसमूहाने इथे आधी उसाचा मळा केला, मग साखर कारखाना उभारला आणि पुढे साखर कारखान्यांची यंत्रेच घडवणारा अभियांत्रिकी उद्योग वाढवला. बारामती-इंदापूर पट्ट्याच्या शेतीचा इतिहास या एका ठिकाणी फार दाट झाला आहे. बैलाची ओढ, वाफेची ताकद, तेलाचे इंजिन आणि कारखान्यातले लेथ यांच्या पिढ्या इथे दोन-तीन मैलांच्या आत एकमेकींना भेटल्या. शेतीची जुनी अवजारे आणि यंत्रे जपण्याचा विचार या पट्ट्यात करायचा तर आरंभ वालचंदनगरपासून करणे सोयीचे आहे. मात्र वालचंदनगर समजण्यासाठी त्याच्या निदान पन्नास वर्षे मागे, कालव्यापाशी जावे लागते.

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत. पाऊस थोडा आणि बेभरवशाचा, जमीन कुठे भारी काळी तर कुठे मुरमाड, पीक ज्वारी-बाजरीचे. १८७६-७७ च्या दुष्काळाने पुणे जिल्ह्याचा हा पूर्व भाग होरपळला आणि दुष्काळी कामांतून पाटबंधाऱ्यांच्या योजनांना वेग आला. भोरजवळ भाटघर येथे धरण, नीरेवर वीर येथे बंधारा आणि तिथून निघणारा नीरा डावा कालवा अशी ती योजना होती. १८८५-८६ च्या सुमारास कालव्यातून पाणी सुटले. पुरंदरातून निघून तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातून, म्हणजे आजच्या बारामतीतून, इंदापुरापर्यंत जाणारा हा कालवा सुमारे १६० किलोमीटर लांबीचा आहे. पुढे भाटघरला जुन्या धरणाजवळच अधिक उंच लॉइड धरण बांधले गेले आणि १९२८ च्या सुमारास ते पुरे झाले. त्यामुळे कालव्याला बारमाही पाण्याची हमी आली आणि नीरेच्या उजव्या तीरालाही कालवा मिळाला.

पाणी आले म्हणून शेतकऱ्यांनी ते लगेच घेतले असे झाले नाही. ज्वारी-बाजरीच्या शेतकऱ्याला पाण्याची गरज पाऊस हुकला तरच भासे, आणि सरकारला तर दरवर्षी पाणीपट्टी हवी होती. उसाला मात्र बाराही महिने पाणी लागते, म्हणून कालव्याचे अर्थकारण उसावर येऊन टेकले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुणे विभागात अभियंता असलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. ठरावीक क्षेत्राचे गट पाडायचे, काही वर्षांच्या कराराने त्यांना पाणी द्यायचे, गटाच्या एका हिश्श्यातच ऊस घ्यायचा आणि उरलेल्या जमिनीत इतर पिकांचा फेर ठेवायचा, अशी तिची मांडणी होती. पाणी थोडक्यांच्या हाती साचू नये आणि जमीनही चिबडू नये हा त्यामागचा हेतू. तरीही चिबड आणि खारवट जमिनींचा प्रश्न उभा राहिलाच. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. बागायतीच्या यशाबरोबर तिची किंमतही इतक्या लवकर नोंदली गेली, ही या खोऱ्याच्या इतिहासातली फार मोलाची गोष्ट आहे. या भागातील कोणत्याही शेती-संग्रहात ती पुस्तिका नांगराच्या शेजारी असायला हवी.

कालव्यापूर्वीची आणि कालव्याबरोबर टिकलेली अवजारे मुख्यतः गावच्या सुताराने आणि लोहाराने घडवलेली होती. बाभळीच्या लाकडाचा नांगर, त्याला वसूने आवळलेला लोखंडी फाळ, हातात धरायचे रुमणे, पुढे हाळीस आणि जू हा त्याचा साज. भारी काळ्या रानात त्याला चार-चार, सहा-सहा बैल जुंपावे लागत. नांगरटीनंतर ढेकळे फोडायला आणि काश्या वर काढायला कुळव, पेरणीला पाभर, आंतरमशागतीला कोळपे. पाभरीच्या चाड्यावर मूठ धरण्याचे काम बऱ्याच घरांत बाईचे असे. बी किती दाट सोडायचे याचे माप तिच्या बोटांत असे, पाभरीच्या लाकडात नव्हे. नुसती पाभर जपली आणि मूठ कशी धरतात हे जपले नाही तर अर्धी पाभर गेली असेच समजावे.

विहिरीवरची मोट ही या सगळ्यांत गुंतागुंतीची रचना. दख्खनच्या मोटेला खाली चामड्याची सोंड असते. जाड नाड्याने मोट वर येते आणि बारीक सोंदूर सोंड दुमडून धरतो. मोट काठावर आली की सोंड थारोळ्यात मोकळी होते आणि पाणी आपोआप पाटाला लागते. बैल उतरत्या धावेवरून खाली जात, म्हणजे त्यांच्या अंगाचे वजनही ओढीत मिसळे. चांभार, सुतार, दोर वळणारा आणि विहीर बांधणारा पाथरवट अशा चौघांची कला त्यात एकत्र येई. जमीन-महसुलाच्या भाषेत पाटाच्या पाण्यावरची ती पाटस्थळ आणि मोटेच्या पाण्यावरची ती मोटस्थळ असे दोन प्रकार होते, त्यावरून मोटेचे महत्त्व कळते. आज या तालुक्यांत मोटेचा माग काढायचा तर जुन्या विहिरींच्या दगडी काठावर दोराने पडलेल्या खाचा आणि बुजत चाललेल्या धावा एवढ्याच खुणा सापडतात. मोटेचे चामडे टिकत नाही. विहिरीचे बांधकाम टिकते, पण ते उचलून संग्रहालयात नेता येत नाही. चांगल्या अवस्थेतली एखादी मोटेची विहीर जागच्या जागी जपणे हे म्हणूनच दहा सुटी अवजारे गोळा करण्याहून अधिक मोलाचे ठरेल.

ऊस आल्यावर गुऱ्हाळे आली. साखर कारखान्यांच्या आधीची जवळजवळ पन्नास वर्षे नीरा डाव्या कालव्यावरचा ऊस गुळासाठीच गाळला जाई. सासवडच्या माळी बागायतदारांनी या कालव्यावर येऊन, जमिनी खंडाने घेऊन उसाची बागायत वाढवली. याच समाजातील लोकांनी पुढे अकलूजजवळ माळीनगर येथे स्वतःचा साखर कारखाना काढला. गुऱ्हाळातला पहिला चरक लाकडी होता. उभे लाकडी लाट एकमेकांत फिरत आणि बैल गोल चालून ते फिरवत. लाकडी चरकातून रस पुरता निघत नसे आणि चिपाडातच गोडी राहून जाई. लोखंडी तीन लाटांचा चरक आला तेव्हा तेवढ्याच उसातून अधिक गूळ निघू लागला, आणि इथल्या शेतकऱ्याला यंत्राचा पहिला रोख फायदा त्यातून कळला.

चरकाखेरीज गुऱ्हाळाचा सगळा संसार जपण्याजोगा आहे. जमिनीत खोदलेले चुलवाण, त्यावरची रुंद काहील, मळी काढण्याचे झारे, रस ढवळण्याची फावडी, गूळ ओतण्याचा वाफा आणि ढेपेची भांडी. जळण म्हणून वाळलेले चिपाड आणि पाचट वापरत, त्यामुळे बाहेरून इंधन फारसे लागत नसे. रस स्वच्छ करायला भेंडीचा चीक घालत. एका काहिलीतल्या रसाला आदण म्हणत आणि आदण कधी उतरवायचे हे गुळव्या ठरवी. पाक पाण्यात टाकून त्याची गोळी कशी होते हे बोटाने पाहून तो निर्णय देई. क्षणभर आधी उतरवले तर गूळ पातळ राहतो, उशीर झाला तर करपतो. काहील लोखंडाची असल्याने ती टिकेल. गुळव्याच्या बोटातले ज्ञान लिहून, चित्रित करून ठेवले नाही तर टिकणार नाही.

लोखंडी नांगराने आणखी मोठा बदल घडवला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासते असा समज असल्याने पहिली दोन वर्षे नांगराला गिऱ्हाईक मिळेना. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि तिथून नांगर, चरक आणि पुढे पंप दख्खनभर गेले. सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी १९२२ साली काढलेल्या कारखान्यातूनही नांगर आणि नंतर डिझेल इंजिने बाहेर पडली. हा कारखाना पुढे वालचंद समूहात आला. लाकडी नांगर जमीन उकरतो, लोखंडी नांगर वाकड्या पत्र्याने माती उलटी करतो. उसासाठी लागणारी खोल नांगरट त्यामुळे बैलांच्या बळावर शक्य झाली. लोखंडी नांगराबरोबर दुसरेही एक सूत्र शेतात आले. झिजलेला फाळ काढून त्याच मापाचा नवा बसवायचा. सुताराच्या हाताने प्रत्येक नांगर थोडा वेगळा होत असे, पण कारखान्याचा नांगर क्रमांकाने ओळखला जाऊ लागला. सुटे भाग विकणारी दुकाने आणि दुरुस्ती करणारे फिटर यांची परंपरा इथूनच सुरू झाली.

वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे. रेल्वेचे ठेकेदार म्हणून त्यांनी नाव काढले आणि पुढे सिंदिया जहाज कंपनी, विमान कारखाना, मोटार कारखाना अशा उद्योगांमुळे ते देशभर ओळखले गेले. शेतीकडे ते १९२३ साली वळले. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव येथे त्यांनी सुमारे दीड हजार एकर जमीन मिळवली. ती बरीचशी खडकाळ आणि पडीक होती. ती लागवडीखाली आणताना जे शिक्षण झाले ते नीराकाठी उपयोगी पडले. कळंबचा मळा चालवणारी कंपनी १९०८ साली मार्सलंड प्राइस या नावाने नोंदलेली होती, आणि तीच पुढे वालचंदनगर इंडस्ट्रीज झाली. १९३२ साली साखर उद्योगाला आयातीविरुद्ध संरक्षण देणारा कायदा झाला आणि देशभर साखर कारखान्यांची लाट आली. माळीनगर, श्रीपूर आणि वालचंदनगर हे नीरा खोऱ्यातले कारखाने १९३३-३४ च्या आसपास पाठोपाठ उभे राहिले. कारखान्यासाठी हजारो एकर सलग ऊस लागतो. तो मिळवण्यासाठी कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. शेकडो छोट्या तुकड्यांचे बांध मोडले, नव्याने चाऱ्या काढल्या, रस्ते आखले, आणि एका व्यवस्थापनाखालचा मळा तयार झाला.

या प्रमाणावरच्या मळ्याला बैल पुरत नाहीत. म्हणून दख्खनच्या कंपनी-मळ्यांवर वाफेच्या नांगराचा प्रयोग झाला. लीड्सच्या जॉन फाउलर यांच्या पद्धतीत शेताच्या दोन टोकांना दोन वाफेची इंजिने उभी करत. प्रत्येक इंजिनाच्या पोटाखाली आडवे फिरणारे पिंप असे आणि त्यावर पोलादी दोर गुंडाळलेला असे. एक इंजिन दोर ओढी, दुसरे सैल सोडी, आणि दोहोंच्या मध्ये अनेक फाळांचा तोलाचा नांगर शेतभर येरझारा घाली. इंजिन स्वतः शेतात शिरत नसे, त्यामुळे त्याच्या टनावारी वजनाने माती दडपत नसे. मोठ्या, सलग आणि सपाट शेताला हे यंत्र शोभे; तुकड्यातुकड्यांच्या शेतात त्याला वळायला जागा नव्हती. वाफेच्या नांगराकडे पाहताना लोखंडाच्या अवाढव्य देहापेक्षा ही गोष्ट अधिक बोलकी आहे, कारण ते यंत्र कुठे चालले यावरून तिथली जमीनधारणा कळते. जळण, पाणी, दोन इंजिन-चालक, नांगरावरचा माणूस अशी मोठी तुकडी लागे. ट्रॅक्टर स्वस्त आणि हलके झाले तसे वाफेचे नांगर मागे पडले, आणि अशा अवजड यंत्रांचे पुढे बहुधा होते तेच त्यांचेही झाले : बाजूला उभी राहिली, पितळी भाग गेले, मग उरलेले लोखंड भंगाराच्या भावाने विकले गेले.

कारखान्याभोवतीच्या वाहतुकीचा इतिहासही असाच थरावर थर साचलेला आहे. लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवलेली बैलगाडी, मग जुन्या मोटारींच्या टायरवर चालणारी टायरगाडी, मग ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉली. गळिताच्या हंगामात बीड-नगरकडून येणारे ऊसतोड मजूर, त्यांच्या पाचटाच्या कोप्या, नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणून मोजण्याची मुकादमी पद्धत हे सारे या यंत्रवारशाचाच भाग आहे. उसाचे रोलर जपायचे आणि ज्या कोयत्याने ऊस त्या रोलरपर्यंत आला तो वगळायचा, असा संग्रह अपुरा राहील.

१९६१ च्या शेतजमीन कमाल धारणा कायद्याने कंपनी-मळ्यांचा काळ संपवला. हा कायदा २६ जानेवारी १९६२ पासून लागू झाला आणि साखर कंपन्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या. त्या सलग कसल्या जाव्यात म्हणून १९६३ साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. नीरा आणि गोदावरी-प्रवरा खोऱ्यांतल्या इतर मळ्यांबरोबर वालचंदनगरचा मळाही महामंडळाकडे आला. ज्यांच्या जमिनी मुळात खंडाने घेतल्या होत्या ते खंडकरी शेतकरी मात्र आपला हक्क मागत राहिले. कित्येक दशकांच्या लढ्यानंतर २०१२ च्या सुमारास कायद्यात दुरुस्ती होऊन त्यांना जमिनी परत मिळू लागल्या. बांध मोडून झालेला मळा पुन्हा तुकड्यांत वाटला गेला. मालकीच्या या फेऱ्यांमुळे मळ्याचा इतिहास कंपनीचे दप्तर, महामंडळाचे दप्तर आणि महसुली नोंदी अशा तीन ठिकाणी विभागला. कोणते यंत्र कधी आले, कोणत्या गटात चालले, कधी निर्लेखित झाले हे या तिन्ही दप्तरांची सांगड घातल्याशिवाय कळत नाही.

मळा गेला तरी वालचंदनगरचे यंत्रकाम वाढत गेले. १९५० च्या दशकापासून तिथे साखर कारखान्यांसाठी यंत्रसामग्री बनू लागली. पुढे सिमेंट कारखाने, अणुऊर्जा आणि अवकाश कार्यक्रमासाठीचे भागही तिथे तयार झाले. इस्रोच्या प्रक्षेपकांच्या मोटरची आवरणे इंदापूर तालुक्यातल्या एका ऊसगावात घडली, ही गोष्ट या भागातल्या शाळकरी मुलांपर्यंत पोहोचली पाहिजे. याच काळात सहकार बळावला. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा श्री छत्रपती हे सहकारी कारखाने उभे राहिले, आणि उसाचे अर्थकारण खंडाच्या मळ्याकडून सभासद शेतकऱ्याकडे सरकले. कॅनडातील मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड ॲटवुड यांनी माळेगाव परिसराचा दीर्घ अभ्यास करून १९९२ साली या स्थित्यंतरावर ग्रंथ प्रसिद्ध केला. छोट्या शेतकऱ्याने यंत्रयुगात तग कसा धरला, हे समजायला तो आजही उपयोगी आहे.

छोट्या शेतकऱ्याच्या हाती आलेले यंत्र म्हणजे इंजिन. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि मंद गतीचे, जड चाकाचे, हँडल मारून सुरू करायचे डिझेल इंजिन विहिरीवर आले. त्याच इंजिनावर पट्टा चढवून पिठाची गिरणी, शेंगा फोडण्याचे यंत्र, कडबा-कुट्टी आणि चरकही चालत. वीज पोहोचल्यावर इलेक्ट्रिक मोटर आली आणि इंजिने गोठ्याच्या कोपऱ्यात गेली. जुन्या खुणा केवळ नव्या यंत्रांमुळेच गेल्या असे नाही. १९८० च्या सुमारास पुऱ्या झालेल्या उजनी धरणाने इंदापूरच्या उत्तर भागातली भीमाकाठची गावे पाण्याखाली नेली. पळसदेवचे जुने मंदिर पाणी उतरले की वर दिसते. त्या गावांच्या मोटेच्या विहिरी आणि गुऱ्हाळांच्या जागा मात्र गाळात आहेत.

१९७१ साली बारामतीजवळ अप्पासाहेब पवार यांच्या पुढाकाराने ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट स्थापन झाला. लगेचच आलेल्या १९७२ च्या दुष्काळाने पाण्याच्या काटकसरीचा प्रश्न ऐरणीवर आणला. शारदानगर येथील या संस्थेने ठिबक सिंचन, फळबागा आणि दुग्धव्यवसाय यांचा प्रसार केला. १९९२ साली तिथे कृषी विज्ञान केंद्र सुरू झाले आणि २००९ साली माळेगाव येथे अजैविक ताण व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी झाली. अलीकडे याच परिसरात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधाराने ऊसशेतीचे प्रयोग चालू आहेत. या घडामोडींमुळे वारशाची सीमाही सरकते. ठिबकचे सुरुवातीचे संच, हाताने लिहिलेली पाणी-वेळापत्रके, पहिल्या पिढीचे पॉवर टिलर यांना आज कोणी जुने म्हणत नाही. नेमकी अशीच वस्तू सर्वांत लवकर नाहीशी होते. लाकडी नांगर निदान देवळात किंवा वाड्याच्या माळ्यावर राहतो. प्लॅस्टिकची नळी भंगारवाला पहिल्या फेरीतच नेतो.

शेतीची साधने संग्रहालयात आणण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या कामातून वर्ध्याला मगनवाडीत मगन संग्रहालय उभे राहिले आणि ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तिथे चरखे, घाण्या, चुली या वस्तू जुन्या म्हणून ठेवलेल्या नव्हत्या. त्या सुधारून पुन्हा वापरात आणण्यासाठी मांडलेल्या होत्या, आणि हा विचार आजही ताजा आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने रोजच्या वापरातल्या वस्तूंकडे कलेच्या नजरेने पाहायला शिकवले. कोल्हापूरजवळ कणेरी मठाच्या सिद्धगिरी संग्रहालयात बलुतेदारीचे गाव पुतळ्यांतून उभे केले आहे. लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने १९७४ साली पंजाबी ग्रामजीवनाचे संग्रहालय उभारले, तर गोव्यात बाणावलीच्या ‘गोवा चित्र’मध्ये हजारो पारंपरिक अवजारे एकत्र आली आहेत. परदेशात इंग्लंडमधील रेडिंग येथे १९५१ पासून ग्रामजीवनाचे संग्रहालय आहे आणि १९६६ पासून कृषी संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना काम करते. रेडिंगचा संबंध दख्खनशीही जोडता येतो. फाउलर कंपनीची कागदपत्रे तिथे जपलेली आहेत आणि इंजिनावरच्या पट्टीचा क्रमांक हाती असेल तर त्याची ओळख पटवायला त्यांचा आधार होतो.

यातल्या बहुतेक संग्रहांत यंत्रपूर्व शेती ठळकपणे दिसते. नीरा डाव्या कालव्याचे वेगळेपण मात्र असे की इथली परंपरा शंभर वर्षे यंत्राबरोबरच वाढली. इथल्या संग्रहाचा पाया म्हणूनच पाण्यावर असायला हवा : मोट, कालव्याची दारे आणि पाणी मोजण्याची साधने, तेल-इंजिन, पंप, ठिबक. त्यानंतर गुऱ्हाळ ते कारखाना ही उसाची वाट, आणि नांगरापासून ट्रॅक्टरपर्यंतची ओढ. साखर कारखाने, पाटबंधारे खाते, कृषी विज्ञान केंद्र, ग्रामपंचायती आणि शाळा यांच्याकडे या वस्तू विखुरलेल्या असतात. साऱ्या एका इमारतीत आणण्याचा हट्ट धरण्याऐवजी जागच्या जागी जपून एकाच नोंदवहीत बांधणे अधिक शहाणपणाचे आहे. बारामतीजवळ पळशीवाडी परिसरात कृषी पर्यटन रुजलेच आहे. येणाऱ्या पाहुण्यांना हुरड्याबरोबर चालते गुऱ्हाळ आणि मोटेची विहीर दाखवता आली तर जतनाचा काही खर्चही निघू शकतो.

जतनाचे काम बारकाईचे आहे. वस्तू मिळाल्याबरोबर ती धुऊन, रंगवून चकचकीत करण्याचा मोह टाळावा लागतो. नव्या रंगाखाली कारखान्याचा मूळ रंग, क्रमांकाची पट्टी, लोहाराने मारलेले ठिगळ आणि हाताच्या घर्षणाने गुळगुळीत झालेले रुमणे हे सगळे झाकले जाते, आणि वस्तूचा इतिहास तिथेच लिहिलेला असतो. आधी आहे त्या अवस्थेत छायाचित्रे, मापे आणि मालकाने सांगितलेली माहिती घ्यावी. लाकडाला भुंगा आणि वाळवी लागते, म्हणून ते जमिनीला टेकू न देता ओट्यावर ठेवावे आणि जवसाचे तेल पाजावे. लोखंडाचा सुटा गंज घासून काढून तेलाचा पातळ हात द्यावा. चामडे ऊन आणि दमट हवा या दोन्हींपासून दूर ठेवावे. इंजिनातले जुने तेल-पाणी काढून टाकावे, नाहीतर पावसाळ्यात आतून गंज चढतो. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर बाष्पक निरीक्षकाच्या तपासणीवाचून कधीही पेटवू नये, मग उत्सव कितीही मोठा असो. दहा यंत्रांपैकी एक चालू ठेवावे आणि नऊ न छेडता जपावीत, कारण चालवायचे म्हटले की झिजलेले भाग बदलावे लागतात आणि बदलता बदलता मूळ वस्तू उरत नाही.

सर्वांत निकडीचे काम वस्तूंचे नसून माणसांचे आहे. ज्यांनी स्वतः मोट हाकली, पाभर धरली, गुऱ्हाळात आदण उतरवले, हँडल मारून इंजिन सुरू केले किंवा कारखान्याच्या गळितात रात्रपाळ्या केल्या त्यांची वये आता झाली आहेत. अवजाराच्या प्रत्येक भागाचे गावातले नाव, ते काम करताना शरीर कसे ठेवायचे, बिघाड आवाजावरून कसा ओळखायचा, मोटेवर कोणती गाणी म्हणत, हे त्यांच्याकडून अवजार हाती देऊन, चित्रीकरणासह नोंदवायला हवे. खंडकरी कुटुंबांच्या आठवणी, ऊसतोड मजुरांच्या बाया-माणसांच्या आठवणी आणि वालचंदनगरच्या जुन्या कामगारांच्या आठवणी यांना त्या नोंदींत सारखेच स्थान असावे. त्यांच्याबरोबर साखर कारखान्यांच्या भांडार-नोंदी, निर्लेखनाचे ठराव, निविदांच्या याद्या आणि यंत्रांसोबत आलेली छापील पुस्तके रद्दीत जाण्याआधी ताब्यात घ्यावी लागतील. यंत्र भंगारात गेले असले तरी या कागदांवरून त्याची जात, वय आणि काम सांगता येते. कालव्याच्या शाखा-कार्यालयांतील पाणीवाटपाच्या जुन्या वह्या त्यांना जोडल्या तर कोणत्या वर्षी कोणत्या गटात किती ऊस उभा होता, हेही त्याच नोंदवहीत येईल.